हात वर करून आत जाणारे आबा

वरणगावच्या बँकेत एकदा आबा दारातून आत शिरले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. दारातला बंदूकवाला नवीन होता. बंदूक पाहून समोरच्याने आपणहून हात वर केले तर काय करायचं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तो दोन पावलं मागे सरकला. काउंटरवरच्या बाई उभ्या राहिल्या. मी आबांच्या मागेच होतो. पुढे झालो, त्यांचे खिसे वरवर चाचपले, कमरेला हात लावला, पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "जाऊ द्या!"

आबांनी हात खाली घेतले आणि जसं काही झालंच नाही तसे रांगेत जाऊन उभे राहिले.

आबांनी तेहतीस वर्षं आमच्या गावच्या फॅक्टरीत काढली. रोज सकाळी गेटवर झडती व्हायची. हात वर करायचे, खिसे रिकामे करायचे, काडेपेटी, बिडी, तंबाखूची डबी सगळं बाहेर ठेवायचं, कारण आत बारूद. रिटायर झाल्यावर फॅक्टरी सुटली, पण हातांना ते कोणी कळवलं नाही. कोणत्याही मोठ्या दारातून जाताना ते वर जायचेच. लग्नाच्या हॉलमध्ये, तहसील कचेरीत, एकदा तर जळगावच्या कपड्याच्या दुकानात. तिथल्या पोराला वाटलं, आबा शर्टाचं माप द्यायला तयार आहेत. त्याने टेप काढली.

आबा माझे सख्खे कोणी नव्हते. आमची भिंत एक, एवढंच नातं. माझी आई नर्स, तिची ड्यूटी कधी यावलला तर कधी आणखी कुठं, त्यामुळे मी भिंतीच्या त्या बाजूलाच जास्त वाढलो. चहा झाला की आबा भिंतीवर दोनदा ठोकायचे. ठक ठक. मग मी चप्पल न घालता पळत जायचो. दाराबाहेर एक पत्र्याचा डबा असायचा. घरात येणाऱ्याने काडेपेटी, लायटर, आणि अलीकडच्या काळात मोबाइल, त्या डब्यात ठेवायचा. पाहुणे हसायचे. आबा हसायचे नाहीत. डब्यात खडखड झाली की मगच म्हणायचे, "या, बसा."

फॅक्टरीत काय बनतं हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. म्हणायचे, "सामान." आम्ही सामान बनवतो. सामान बाहेर जातं. मी सातवीत जाईपर्यंत मला वाटत होतं की तिथे बादल्या बनतात. बंदुकीच्या गोळ्या बनतात हे मला वर्गातल्या पोरांनी सांगितलं, आणि मी इतक्या बादल्यांच्या गोष्टी सांगून ठेवल्या होत्या की पुढे वर्षभर माझं नाव बादली होतं.

आबांचं काम तपासणीचं. गोळीची पितळी नळी अंगठा आणि बोटात धरून फिरवायची, बुडाकडून पाहायची, तोंडाकडून पाहायची. ठीक असली तर पुढे, नसली तर बाजूला. तेहतीस वर्षं हेच केल्यावर माणसाची बोटं काय दुसरं शिकणार? पेन हातात आला की फिरवला. खडू, गाजर, शेवग्याची शेंग, सगळं फिरवून बुडाकडून बघायचं. बाजारात भेंडीच्या ढिगाशी बसले की भेंडीवाली बाकीची गिऱ्हाइकं शेजारणीकडे वळवून द्यायची. अक्का, म्हणजे त्यांची बायको, माहेरची नरडाण्याकडची, बोलणं पक्कं अहिराणी. ती कमरेवर हात ठेवून विचारायची, "भेंडी लेवाले उनात का पोर देखाले?"

आबांच्या तोंडात 'नापास' हा शब्द नव्हता. वाकडी भेंडी असो, रागीट जावई असो, माझी गणिताची उत्तरपत्रिका असो, ते म्हणायचे, "बाजूला ठेव. पुन्हा एकदा पाहू." माणसांनाही ते असंच बाजूला ठेवायचे. गल्लीत त्यांनी कायमचं टाकलेलं कोणीच नव्हतं. बाजूला ठेवलेले मात्र पुष्कळ होते.

मी नकला करतो. पोटासाठी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, पण हळदीच्या मांडवात माईक मोकळा पडलेला दिसला की माझे हात शिवशिवतात. यावल गाडीचा कंडक्टर, केळीचा व्यापारी, आमच्या मुख्याध्यापिका, सगळे माझ्या गळ्यात राहतात. पण पहिली नक्कल केली ती आबांची. गल्लीतल्या बायकांसमोर हात वर करून चालत होतो, बायका हसून लोळत होत्या, आणि मागे आबा उभे. माझे हात वरच राहिले. आबांनी मला खालून वर पाहिलं, जवळजवळ फिरवूनच पाहिलं, आणि म्हणाले, "डावा हात आधी जातो. उजव्या हातात जेवणाचा डबा असतो ना. तो खाली ठेवल्यावर उजवा." मग त्यांनी स्वतः दोनदा करून दाखवलं. माझी नक्कल तेव्हापासून तपासून पास झालेली आहे.

पहाटे त्यांच्याकडे वंदना व्हायची. भिंत पातळ, मला अंथरुणात सगळं ऐकू यायचं. अक्काचा आवाज खणखणीत, आबांचा तिच्या मागे. पण पंचशीलातलं पहिलं शील आलं, जीवहत्येपासून दूर राहीन ते, की आबांचा आवाज खाली जायचा. दुसऱ्या शीलाला पुन्हा वर. मला लहानपणी वाटायचं, त्यांना तिथे खोकला येतो. नकलेतही मी तो खोकला घालायचो. तेवढं एक त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सीमेवर पुन्हा ताणाताण सुरू झाली. टीव्हीवर सगळे एकदम ओरडायला लागले. आमच्या दुकानात मोबाइलचा डिस्प्ले बदलायला आलेला माणूससुद्धा शेजारच्या देशाचा नकाशा बदलूनच जायचा. चहाच्या वेळी मी आबांना माझा तोडगा सांगितला.

"आबा, सोपं आहे. दोन्हीकडचे पुढारी आखाड्यात सोडायचे. जो जिंकेल तो जिंकला. बाकी जनता घरी. भांडण त्यांचंच आहे ना?"

आबा बशी फिरवत होते. "आखाड्याभोवती बसणार कोण?"

"कोणीच नाही."

"मग ते लढतील?"

मी म्हटलं, "तुम्ही प्रत्येक गोष्टीत बूड कायले पाहता?" ते हसले. पण त्यांनी चहा अर्धाच प्याला, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

त्याच आठवड्यात आमच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. भर दुपारी मांडव, दोनशे माणूस, मठ्ठा, जिलबी, आणि माझ्या नकला. मी नवीन एक तयार केली होती, पुढाऱ्याचं भाषण. तो खरा कोणी नव्हता. आवाज एकाचा, बोट दुसऱ्याचं, मध्येच थांबून पाणी पिणं तिसऱ्याचं. त्याने गरजून विचारायचं, "शेजाऱ्याला अजून किती दिवस सहन करायचं?" मग लांब थांबायचं, आणि हळूच म्हणायचं, "आधी आपल्या नळाला पाणी येऊ द्या, मग पाहू." आमच्याकडे नळाला कितव्या दिवशी पाणी येतं ते सगळ्यांना माहीत. सगळा विनोद तिथेच होता.

मी विचारलं, "किती दिवस सहन करायचं?" आणि थांबलो.

मागून कोणी ओरडलं, "आता नाही!" दुसरा ओरडला, "घुसा!" मग सगळेच. मी नळाचं वाक्य जिभेवर घेऊन उभा होतो. पण खरं सांगतो, तो आवाज अंगावर आला ना, तो हशापेक्षा भारी होता. हशा येतो आणि जातो. हा आवाज छातीत बसतो. मी नळ सोडून दिला. पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. पुन्हा तेच. मग मी बोट उगारलं आणि जे लिहिलंच नव्हतं ते बोलत सुटलो. कुठं घुसायचं, काय जाळायचं, कोणाला ठेवायचं नाही. आम्हाला नागरिकशास्त्र शिकवणारे सर खुर्चीवर उभे राहून मुठी आवळत होते. त्यांनी वर्गात कधी एवढा जीव ओतला नव्हता.

माझ्या नकला पाहायला आलेले आबा कडेच्या खुर्चीवर बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा खुर्ची रिकामी होती.

पुढचे तीन दिवस भिंत वाजली नाही. घरात चहा होता, आई होती, दूध होतं, पण मला तो चहा गोड लागेना. तिकडे कपबशीचा आवाज यायचा. अक्का ओट्यावर दिसली, मला पाहून म्हणाली, "काय व्हयनं रे? तोंड कसाले उतरेल शे?" मी म्हटलं काही नाही. इकडे माझ्या भाषणाचा व्हिडिओ भुसावळपासून धुळ्यापर्यंत फिरत होता. अक्काचा भाचा भूषण, धुळ्यात त्याचं हौशी मंडळ आहे, त्याचा फोन आला, "भो, आमच्या कार्यक्रमाला ये. तेच भाषण कर. पब्लिक पागल होईल!" मी हो म्हटलं. एवढ्या लांबून मला पहिल्यांदाच कोणी बोलावत होतं.

चौथ्या दिवशी ठक ठक झालं.

मी गेलो. मोबाइल डब्यात टाकला. चहा नव्हता. आबा मधल्या खोलीत बसले होते. त्या खोलीला त्यांच्या घरात 'ओव्हरटाइमची खोली' म्हणत. ओव्हरटाइमच्या पैशातून बांधली म्हणून. आबा स्वतः तिथे कधी झोपायचे नाहीत. मी दहावीचा अभ्यास तिथेच केला होता.

"ते भाषण कर," आबा म्हणाले.

"इथं?"

"इथं."

समोर आबा, दारात तुरीच्या शेंगा सोलत बसलेली अक्का, कोपऱ्यात गाद्यांची थप्पी. मी आवाज लावला. बोट उगारलं, पाणी प्यायलो. विचारलं, "शेजाऱ्याला अजून किती दिवस सहन करायचं?" आणि थांबलो. पंखा फिरत होता. मी त्या 'घुसा'ची वाट पाहत राहिलो, ते काही येईना, आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "आधी आपल्या नळाला पाणी येऊ द्या, मग पाहू."

अक्का खळखळून हसली. तिच्या मांडीवरच्या शेंगा सांडल्या.

"पाहिलं?" आबा म्हणाले. "त्या दिवशी हे वाक्य कुठं गेलं होतं?"

"लोकांनी येऊच दिलं नाही, आबा."

"म्हणजे लोकांची चूक."

"हो." मग मला जरा बरं वाटलं. "मी तर फक्त नक्कल करत होतो."

"माईक कोणाच्या हातात होता?"

मी गाद्यांच्या थप्पीकडे पाहिलं.

"दोनशे माणसांत एकाच्याच हातात होता. तो खाली ठेवता येत होता. ते दुसरं कोणाला जमलं नसतं, फक्त तुलेच."

मी चिडलो. मी म्हटलं, "मग एकदाचं ठरवा तुम्ही. लढाई पुढारी लावतो का लोकं लावतात? एक काय ते सांगा."

"बाजूला ठेव," आबा म्हणाले. "मी ते लई वर्षांपासून फिरवून पाहून राहिलो."

आणि मग त्यांनी सांगितलं. मागे एकदा सीमेवर मोठी लढाई लागली, तेव्हा फॅक्टरीत दिवसरात्र काम चाललं होतं. भोंगा कधी झाला, कधी नाही, कळायचं नाही. एक दिवस रेडिओवर समोरच्यांचे किती मेले तो आकडा सांगितला. आबा तसेच भुसावळला गेले, पेढे आणले आणि ड्यूटीवरून सुटणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवला. गल्लीत वाटले. या मधल्या खोलीचा पाया तेव्हा खणून तयार होता, त्या खड्ड्याशी उभं राहून गवंड्याला दिला.

"लढाईचा हुकूम वरून आला असंल," आबा म्हणाले. "सामान वाढवा, हा हुकूम साहेबाचा. ते दोन्ही मी माझ्याकडे घेत नाही. नोकरी होती, ती इमानदारीनं केली. सीमेवर आपली पोरं होती, त्यांच्या हातात खराब सामान जायला नको होतं. पण पेढे वाटा, असा हुकूम कोणीच दिला नव्हता, पिंट्या. तो माझा होता. माणसं मेल्याचा आकडा ऐकला आणि मी पेढे वाटले. सकाळी पंचशील म्हणून निघालो होतो."

अक्का शेंगा गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "बठ्ठा गाव खाई ऱ्हायना व्हता. मी बी खादा."

"तू खाल्ला. मी वाटला."

मग इतक्या वर्षांनी मला तो पहाटेचा खोकला कळला.

मी विचारलं, "भूषणला नाही म्हणून सांगू का?"

"कायले? जा. पण माझी नक्कल करतो ना तू, ती अर्धीच हाये. हात वर करतो आणि सोडून देतो. पुढचंही कर. पेढ्याचं."

"लोकांसमोर?"

"मग काय गाद्यांसमोर?" आबा म्हणाले, आणि अक्काला म्हणाले, "चहा टाक त्याला."

धुळ्याला आम्ही तिघेही गेलो, अक्काला माहेरही होईल म्हणून. हॉलच्या दारात आबांनी हात वर केले, मी चाचपलं, पाठीवर थाप मारली. भूषण म्हणाला, "मामांची अजून तीच सवय शे?" आणि माझ्या कानात, "भाषण शेवटी ठेव भो. सगळे त्याच्यासाठीच आलेत."

मी कंडक्टर केला, व्यापारी केला. मग माईक खाली ठेवला. मागून ओरड सुरू झाली, "भाषण! भाषण!" मी हात वर केले. डावा आधी, मग उजवा. झडती दिली, आत गेलो, नळी फिरवली, बुडाकडून पाहिली. लोक हसायला लागले. मग भोंगा केला, तोंडानेच. रेडिओ कानाला लावला, ऐकलं, आणि आनंदाने एवढी उडी मारली की मागच्या रांगा उभ्या राहिल्या. मग हातात खोटा खोका घेऊन स्टेजवरून उतरलो आणि पुढच्या रांगेत पेढे वाटायला लागलो.

आणि लोकांनी हात पुढे केले! खरंच केले. एकाने घेतला आणि तोंडात टाकायचं नाटक केलं. एका बाईंनी दोन मागितले. दुसऱ्या रांगेतले वाकून हात लांब करत होते. सगळे हसत होते. मी वाटत वाटत मध्यावर आलो आणि माझ्या स्वतःच्या आवाजात, माईक नसताना विचारलं, "कशाचे पेढे, विचारलं का कोणी?"

काही हात तसेच हवेत राहिले. बाईंनी त्यांचा हळूच मांडीवर घेतला. मी रेडिओवर काय ऐकलं ते सांगितलं. भाषण कोणी पुन्हा मागितलं नाही. टाळ्या फार थोड्या पडल्या, त्याही उशिरा. भूषण अजून माझ्याशी धड बोलत नाही.

आबा पहिल्या रांगेच्या टोकाला होते. मी त्यांच्यासमोर गेलो तेव्हा त्यांनीही तळहात पुढे केला होता. मी ठेवला. त्यांनी तो न दिसणारा पेढा अंगठा आणि बोटात धरला, फिरवला, बुडाकडून पाहिला. मला वाटलं, आता बाजूला ठेवतील. त्यांनी तो शर्टाच्या वरच्या खिशात टाकला आणि खिशावर हात दाबून धरला.

बसमध्ये परत येताना एवढंच म्हणाले, "उडी मी एवढी उंच नव्हती मारली."

पावसाळा संपता संपता आबांची छाती धरायला लागली. जळगावला मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मी रिक्षातून त्यांना उतरवलं. अक्का पिशवी घेऊन मागे. चाकाची खुर्ची आणायला वॉर्डबॉय गेला होता, पण आबा थांबले नाहीत. काचेच्या दारापर्यंत चालत गेले आणि उभे राहिले. डावा हात वर गेला. उजवा खांद्यापर्यंतच आला. मी तो खालून धरला आणि वर नेला.

दारातला वॉचमन आमच्याकडे बघत होता. मी त्याला डोळ्यांनीच थांब म्हटलं. कमर चाचपली. बाजूचे खिसे पाहिले, रिकामे होते. वरच्या खिशावर हात ठेवला. आतलं धडधडणं हाताला लागत होतं.

"खिशात काय आहे?" मी गेटवरच्या शिपायाचा आवाज काढला.

"पेढा हाये."

"तोच?"

"तोच."

मग माझ्या आवाजात म्हटलं, "बाजूला ठेवू का, आबा?"

त्यांनी मान हलवली. "नको. हा तपासून झाला. माझाच हाये."

मी त्यांच्या पाठीवर थाप मारली, एकदम हलकी. "जाऊ द्या."

आबांनी हात खाली घेतले, एक खिशावर ठेवला, आणि काचेच्या दारातून आत गेले.